पाळण्याचा आकडा

त्या वर्षी तलाव इतका आटला, की उरल्यासुरल्या डबक्यात मासे "सरका जरा, सरका" म्हणत दाटीवाटीनं बसले होते. निदान थापाड्या लोहार तरी असंच सांगायचा. उन्हानं पाठीला तडा गेलेलं एक कासव आपल्या भट्टीवर आलं आणि आपण त्याच्या पाठीला डाग देऊन पाठवलं, हेही त्याचंच.

"काका, खूश होऊन गेलं ना कासव?" येणारे-जाणारे विचारायचे.

"कसलं खूश! कुरकुरत गेलं. पूर्वीपेक्षा जड झालंय म्हणालं."

लोक हसायचे. म्हातारी तेवढी हसायची नाही. या माणसाशी संसार करून तिला पन्नास वर्षं होत आली होती, आणि बाहेर ऊन पडलंय असं तो म्हणाला तरी ती दारापर्यंत जाऊन बघून यायची.

पण एक गोष्ट थाप नव्हती. पाणी मागे हटलं आणि खालून जुनं गाव वर आलं. चाळीस वर्षांपूर्वी धरणात गेलेलं गाव. भिंती कधीच विरघळल्या होत्या. उरली होती घरांची जोती, गाळात तोंड खुपसून पडलेल्या तुळया, आणि लोखंड. लाकडानं हार खाल्ली, मातीनं खाल्ली, लोखंड मात्र गंजून लालभडक होऊन पडून राहिलं होतं. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, विहिरीची कप्पी. म्हातारी माणसं गाळातून चालत जाऊन आपापलं जोतं शोधायची आणि तिथे उगीच उभी राहायची, पाहुणी आल्यासारखी. निघताना हाती लागेल ते लोखंड पदरात घालून आणायची.

आणून करायचं काय? दार नाही तर कोयंडा कशाला लावायचा? मग ते सगळं लोहाराच्या अंगणात येऊन पडायला लागलं.

भट्टी तशीही थंड होती. शेतं पडीक, मग फाळ शेवटून, धार लावून कोण घेणार? ऐरणीवर कोंबडी बसायला लागली होती. लोहाराचे हात तर दोन वर्षांपासून थरथरत होते. चहाचा कप तोंडाशी नेईपर्यंत अर्धा चहा सदऱ्याला मिळायचा. मुलगा लांब समुद्रकाठी जुनी जहाजं तोडायच्या कामावर गेला होता. घरात घण उचलणारे हात उरले होते ते सुनेचे. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाता कुठल्या बाजूनं ओढायचा हेही माहीत नव्हतं. आता तिच्या मनगटांवर ठिणग्यांचे इतके डाग होते, की बांगड्यांची गरजच नाही, असं सासरा म्हणायचा.

तिनं पहिल्यांदा एका बिजागरीचा कोंबडा केला. बिजागरीचे दोन पंख, कडीची मान, सायकलच्या जुन्या चेनचा तुरा. ज्याची बिजागरी होती तो म्हातारा कोंबडा छातीशी धरून घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात रांग लागली. कुणाला मासा हवा, कुणाला झाड, कुणाला "काहीही कर पोरी, पण आमच्या दाराचं कर." डब्यांची झाकणं, फुटक्या बाटल्यांच्या काचा, मोडक्या छत्र्यांच्या काड्या, जे मिळेल ते ती लावायची. पण मूळ लोखंड ज्याच्या-त्याच्या घरचंच. सासऱ्यानं ते पहिल्या दिवशीच बजावलं होतं.

"एका घरचा खिळासुद्धा दुसऱ्या घरी जाता कामा नये. लोकांना फसवायला माझं तोंड आहे. लोखंडानं फसवायचं नाही."

म्हणून अंगणात प्रत्येक घराचा ढीग वेगळा होता. ढिगावर खूण म्हणून एखादा दगड, एखादं फुटकं मडकं, एखादी जुनी चप्पल. ढीग लावायचं काम सासऱ्याचं, कारण कुणाचं घर कुठे होतं हे त्याच्याइतकं कुणालाच आठवत नव्हतं. घडवायचं काम सुनेचं. तयार झालं की ज्यानं-त्यानं येऊन न्यायचं. दोन महिन्यांत गावात असं घर राहिलं नाही, की ज्याच्या खिडकीत बुडालेल्या घराचा कोंबडा, कासव नाहीतर मासा बसलेला नाही. शिंपिणीकडे बगळा गेला. तिच्या सासरच्या जुन्या घराला पिळाचे गज होते, चांगले जाड. त्यातल्या दोन गजांचे लांब पाय, पत्र्याचं अंग, आणि एका आखूड पिळाच्या सळीची वाकडी मान. शिंपी जाऊन वर्षही झालं नव्हतं. शिंपिणीनं बगळा त्याच्या बंद पडलेल्या मशीनशेजारी खिडकीत उभा केला.

लोहाराच्या स्वतःच्या घरचं तेवढं काही झालं नव्हतं. म्हातारी करू देत नव्हती.

ती रोज सकाळी काठी आणि टोपली घेऊन गाळात जायची. आपल्या जोत्यावर बसायची आणि खुरप्यानं उकरायची. जे निघेल ते उलटंपालटं करून बघायची आणि बाजूला टाकायची. दुपार झाली की सून तिला आणायला जायची.

"आई, ऊन डोक्यावर आलंय. चला."

"हो पुढे. एवढं बोटभर उकरून येते."

"हे बोटभर पंधरा दिवस चाललंय."

"मग अजून पंधरा दिवस चालेल. तुझं काय जातंय?"

"तुम्हाला भोवळ आली तर उचलून मलाच न्यायचंय. माझं तेवढंच जातंय."

म्हातारीनं खुरपं खाली ठेवलं. सूनही शेजारी बसली. गाळाला उन्हानं भेगा पडल्या होत्या. हात आत जाईल एवढ्या रुंद. लांब पाण्याची रेघ चमकत होती.

"काय शोधताय ते तरी सांगा. दोघी मिळून बघू."

"पाळण्याचा आकडा."

आपल्या नवऱ्याच्या आधी या घरात एक मुलगी होती आणि ती गेली, एवढं सुनेला ठाऊक होतं. त्यापलीकडे कुणी कधी बोललं नव्हतं.

"सात महिन्यांची होती," म्हातारी म्हणाली. भाजी निवडताना बोलावं तशी बोलत होती. "पाणी सांगितलं होतं त्याच्या आठ दिवस आधी आलं. सगळीकडे पळापळ. पाळणा मी आदल्या दिवशी धुवायला काढला होता, तो घाईघाईनं परत बांधला. तिला आत ठेवलं, म्हटलं हिला एवढं झोपवते आणि सामान काढते. मी दारातून मडकी बाहेर देत होते. आणि मागे आवाज झाला."

तिनं हातातला एक गंजका खिळा गाळात खोचला.

"एकच आवाज. रडणं नाहीच."

"आई..."

"थांब. ऐकायचंय ना? मग ऐक. तिला उचललं. कुणीतरी पाळण्याचा दोर सोडून गाठोड्याला बांधायला नेला. ज्यानं नेला त्याला काय कळणार त्या गोंधळात? वर तुळईकडे कुणीच बघितलं नाही. मीही नाही. होडीत बसलो. निघताना दारात गुडघाभर पाणी." तिनं सुनेकडे बघितलं. "आकडा यांनी घडवला होता. गाठ माझी होती. दोघांपैकी एक सुटलं. कुठलं, एवढंच मला बघायचंय. आकड्याचं तोंड उघडलेलं असलं तर गाठ बरोबर होती. मिटलेलं असलं तर मग..."

ते "मग" तिनं तिथेच सोडलं. ही बाई साध्या पिशवीचं तोंडसुद्धा दुसऱ्याकडून का बांधून घेते, हे सुनेला त्या घटकेला कळलं.

"आबा काय म्हणतात?"

"ते? चाळीस वर्षांत त्यांनी मला काय काय सांगितलं! कासवाला डाग दिला, वाघाची नखं कानशीनं घासून दिली. एवढं एक सोडून सगळं बोलून झालंय त्यांचं. त्यांना वाटतं गाठ माझीच. म्हणून बोलत नाहीत."

"कसा होता आकडा? काही खूण?"

"माझ्या हाताला कळेल," म्हातारी म्हणाली आणि खुरपं उचललं.

त्या दिवसापासून सूनही उकरायला लागली. सकाळी भट्टी, दुपारी गाळ. चार आकडे निघाले. एक गोठ्यातला, दोन शिंकाळ्याचे, एक कशाचा ते कळेना. प्रत्येक वेळी म्हातारी डोळे मिटून तो बोटांनी चाचपायची आणि "हा नव्हे" म्हणून टाकायची. सासरा अंगणात ढिगांवर चपला न् मडकी मांडत बसलेला असायचा. दोघी गाळानं माखून परत आल्या, की तो म्हणायचा, "आज तर दोन म्हशी आल्या घरी. दूध देणार का?" म्हातारी न बघता आत जायची.

मग वरच्या डोंगरात कुठेतरी पाऊस झाला. गावात थेंब नाही, पण तलाव चढायला लागला. रोज वीतभर. आधी कप्पीची विहीर गेली, मग शिंप्याचं जोतं, मग देवळाची पायरी. लोहाराच्या घराचा नंबर लागला तेव्हा म्हातारी घोट्याएवढ्या पाण्यात बसून तळहातांनी चाचपत होती. खुरप्याचा उपयोग नव्हता. उकरलं की गाळ पुन्हा भरून येई. नडगीला कशाचा तरी पत्रा लागून रक्त येत होतं, ते पाण्यात तांबडी दोरी सोडल्यासारखं वाहत होतं.

"आई, उठा. झालं आता."

"आज एवढा दिवस."

"उद्या इथे कमरेएवढं पाणी असेल."

"म्हणूनच म्हणते, आज एवढा दिवस."

शेवटी सुनेनं तिला काखेत हात घालून उठवलं. म्हातारी आधी हिसडे देत होती, मग एकदम सैल पडली. सून तिला जवळजवळ उचलूनच काठापर्यंत घेऊन आली. गावाच्या तोंडाशीच शिंपिणीचं घर. ती दारात उभी होती.

"अगं बाई, वहिनी, काय ही दशा! आण मावशींना आत. पाय धुऊ दे, रक्त बघ किती येतंय."

म्हातारीला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. शिंपीण पाणी आणायला आत गेली. बसल्या बसल्या म्हातारीचा तोल गेला, म्हणून तिनं आधाराला हात टाकला, तो बगळ्याच्या मानेवर पडला.

आणि हात तिथेच थांबला.

अंगठा हळूहळू वर सरकायला लागला. पिळाच्या एकेका वेढ्यावर थांबत, पुन्हा पुढे. सुनेनं मोजलं नाही, पण म्हातारी मोजत होती हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. सात.

"हे लोखंड तुझं नव्हे," पाणी घेऊन आलेल्या शिंपिणीला म्हातारी म्हणाली.

"काय?"

"बगळ्याची मान. आमच्या घरची आहे. मुलगी झाली म्हणून हौसेनं पीळ घातला होता यांनी. सात वेढे."

"मावशी, आमच्या खिडकीचे गज पिळाचे होते. सगळ्या गावाला माहीत आहे."

"तुमच्या गजांचा पीळ उजवा. हा डावा आहे. बघ."

शिंपिणीनं वाकून बघितलं, पायांकडे, मग मानेकडे. "म्हणजे? परत मागताय की काय? हे गेल्यापासून घरात एवढी एकच नवी वस्तू आलीय माझ्या. मी त्याच्याशी बोलते, मावशी. हसाल तर हसा."

"तुझा बगळा तुला लखलाभ. मला मान नको." म्हातारीनं मान फिरवली. "सूनबाई. ही सळी सरळ कुणी केली?"

"मी, आई."

"म्हणजे आकडा होता तो, तुझ्या हातात आला तेव्हा."

सुनेला आठवलं. शिंप्याच्या ढिगात पिळाची आखूड सळी, एक टोक वळलेलं. गजाचं खिडकीत बसवायचं टोक असेल, असं वाटून तिनं ती भट्टीत घातली होती. टोक उघडेना. पुन्हा तापवली. तोंड असं मिटलेलं, की आत बोटही शिरत नव्हतं, आणि घण मारून हात झिणझिणले तेव्हा तिनं मनातल्या मनात शिवी दिली होती, कुणी मेल्यानं एवढा घट्ट वळवून ठेवलाय म्हणून. जगात जे एकच ठिकाण बघायला ही बाई चाळीस वर्षं थांबली होती, ते तिनं एका सकाळी ठोकून ठोकून सपाट केलं होतं. बगळ्याच्या मानेसाठी.

"त्याचं तोंड कसं होतं?" म्हातारीनं विचारलं.

सुनेनं तोंड उघडलं. आवाज आला तो दारातून.

"उघडं होतं."

सासरा चौकटीला धरून उभा होता. बायकोला उचलून आणताना कुणीतरी बघून त्याला सांगितलं असावं. अनवाणीच आला होता.

"तुम्हाला काय ठाऊक?" म्हातारी म्हणाली.

"मलाच सापडला तो. पहिल्याच आठवड्यात, तू गाळात यायला लागायच्या आधी. चुलीच्या जागेपासून दोन हातांवर. आ वासून पडला होता." तो थांबला. थाप मारताना तो कधी थांबत नसे. "लोखंड नीट तापलं नव्हतं त्या दिवशी. पीळ घालण्याच्या नादात तोंडाकडे लक्ष दिलं नाही मी. उचलला आणि शिंप्याच्या ढिगात टाकला. त्यांच्या पिळात खपून जाईल म्हटलं."

"का?"

"तू बघू नयेस म्हणून. दुसरं काय?"

म्हातारी नवऱ्याकडे बघत राहिली, मग सवयीनं पडताळा बघायला वळली. इथे दारापर्यंत जाऊन बघून येण्यासारखं काही नव्हतं. सून होती.

"सूनबाई?"

"उघडं होतं, आई," सून म्हणाली.

म्हातारी रडली नाही. शिंपिणीच्या हातातून तांब्या घेतला आणि पाय धुवायचं ते पाणी घटाघटा पिऊन टाकलं. तोंड पुसलं.

"चाळीस वर्षं," ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्या हातचं जेवलात तुम्ही."

आणि काठी न घेताच घरी निघून गेली.

शिंपिणीच्या घरात झालेली गोष्ट गावभर व्हायला किती वेळ लागणार? दिवस मावळायच्या आत सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी एक जण भट्टीवर आला. त्याच्या घरी नातवंड झालेलं होतं. काखेत पत्र्याचा मासा होता. तो त्यानं अंगणाच्या कडेला ठेवला, चपलेनं जरासा आत सरकवला.

"काका, तुमच्याबद्दल काही नाही. पण घरात तान्हं मूल आहे. बायका ऐकत नाहीत, तुमच्या भट्टीचं लोखंड नको म्हणतात."

"बरोबर आहे," लोहार म्हणाला. "माशाला पाण्यात सोडू?"

तो माणूस हसला नाही. त्यानंतर लोहाराच्या गोष्टींना कुणी हसेना. कासवाचं सांगायला लागला की लोकांना काहीतरी काम आठवायचं. ज्या माणसानं स्वतःच्या पोरीचा आकडा लपवला, त्याच्या थापा ऐकायला गोड कशा लागणार?

म्हातारी मात्र जेवायला लागली. सुरुवातीला सुनेला भीतीच वाटली, इतकी. दुपारी आडवी झाली की संध्याकाळपर्यंत झोपायची, तोंड उघडं टाकून, घोरत. कुंपणापाशी उभी राहून शेजारणीशी बोलायची, आणि त्या बोलण्यात चाळीस वर्षांत न आलेले शब्द यायचे. "माझी मुलगी असती तर..." "माझ्या मुलीचे केस असे कुरळे..." नवऱ्याशी एक अक्षर नाही. त्याचं ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि पाठ फिरवायची. त्याच्या थरथरत्या हातातून अर्धं अन्न सांडायचं. पूर्वी ती बडबडत का होईना पण जवळ येऊन भरवायची. आता ते काम कोंबडी करायची, म्हणजे सांडलेलं टिपायची.

आठ दिवस सुनेनं दम धरला. नवव्या दिवशी ती भट्टी पेटवत होती, सासरा परत आलेल्या माशाचे खिळे काढत बसला होता. तिला राहवेना.

"आबा, आकडा मिटलेला होता."

"हळू बोल."

"मी उघडलाय तो माझ्या हातानं. दोनदा भट्टीत घालावा लागला."

म्हातारा मान वर करून बघायला लागला. त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली, थाप सुचल्यावर यायची ती.

"दोनदाच? तीनदा लागायला हवं होतं." मग ती चमक गेली. खिळा त्याच्या बोटांतून निसटला आणि तो शोधायलाही तो वाकला नाही. "मीच घडवला होता तो, पोरी. उघडणार कसा?"

"मग का असं... लोक तोंडावर थुंकायचे बाकी आहेत तुमच्या."

"मग काय सांगू तिला? जाऊन सांगतेस तू? जा, सांग. कुठल्या शब्दांत सांगशील तेवढं मला आधी ऐकव."

भात्याचा दांडा सुनेच्या हातात तसाच राहिला. निखारे काळे पडायला लागले.

"मला मिटलेला सापडला त्या दिवशी तिथेच पाण्यात फेकणार होतो," म्हातारा म्हणाला. "पण पाणीच नव्हतं कुठे."

घरातून हाक आली. म्हातारीचा आवाज असा मोकळा, खणखणीत, की अंगणातली कोंबडी दचकली.

"सूनबाई! ताट वाढलंय. जेवायला ये." आणि जरा थांबून, "एकटीच ये."

सून जागची हलेना. सासऱ्यानं तिच्या हातातून भात्याचा दांडा काढून घेतला.

"जा," तो म्हणाला. "गार होईल."